सीझन संपलो, आता बक्षिसांच्या गजाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगचा, सीझन अलीकडे आंब्याच्या दिवसांत संपतो. चाकरमानी गावी आलेले असतात, रात्री जेवणं उरकली की खळ्यात खुर्च्या पडतात आणि कोणीतरी काडी टाकतोच: "ह्येका कित्याक दिल्यानी?" सिंधुदुर्गात एफसी गोवाची माणसं जास्त, रत्नागिरीच्या वर सरकलात की मुंबई सिटीची. भांडण दरवर्षी नवं असतं, पण प्रश्न तेच ते. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. लिहिणारा एफसी गोवावाला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

सीझनअखेर नक्की कोणकोणती बक्षिसं असतात?

२०२४-२५ पर्यंत संघाची दोन होती. साखळीत पहिला येणाऱ्याला लीग शील्ड आणि प्ले-ऑफमधून (साखळीतल्या वरच्या संघांचे बाद सामने) फायनल जिंकणाऱ्याला कप. शील्ड २०१९-२० पासून सुरू झाली आणि पहिली एफसी गोवानं उचलली. गोव्याचा माणूस ही गोष्ट तुम्ही न विचारताच सांगेल.

खेळाडूंची मोठी चार: सर्वाधिक गोल करणाऱ्याला गोल्डन बूट, गोलकीपरला गोल्डन ग्लोव्ह, सर्वोत्तम खेळाडूला गोल्डन बॉल आणि एक उदयोन्मुख खेळाडूचं. हे चौथं २०२४-२५ मध्ये ब्रायसन फर्नांडिसला मिळालं. गोव्याचाच पोरगा, गोव्याच्याच जर्सीत. त्या रात्री आमच्या खळ्यात मुंबईवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

लीगच्या बाहेर अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू असतो, आणि खेळाडूंच्या संघटनेचा वेगळा पुरस्कार असतो. वाद घालण्याआधी समोरचा नेमका कोणत्या बक्षिसाबद्दल बोलतोय ते विचारून घ्या. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण एक जण बुटाबद्दल बोलत असतो आणि दुसरा बॉलबद्दल. बूट मोजून देतात. बॉल ठरवून देतात.

दोघांचे गोल सारखे झाले तर बूट कोणाला?

हा प्रश्न आला की २०२०-२१ चा सीझन काढायचा. करोनामुळे अख्खी लीग गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशी तीन मैदानं होती आणि प्रेक्षक एकही नाही. घरापासून दोन-तीन तासांवर सगळा खेळ चाललेला आणि आपण टीव्हीसमोर, हे दुखणं अजून गेलेलं नाही.

त्या सीझनला एफसी गोवाच्या इगोर अंगुलोचे १४ गोल झाले आणि एटीके मोहन बागानच्या (आताचं मोहन बागान) रॉय कृष्णाचेही १४. कृष्णाच्या नावावर वर ८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास, होते. साध्या माणसाला वाटेल, बूट कृष्णाचा. पण बरोबरी सोडवताना मैदानावर घालवलेली मिनिटं पाहिली गेली. अंगुलो कमी मिनिटं खेळला होता, म्हणून बूट त्याचा. कृष्णाला गोल्डन बॉल मिळाला, म्हणजे रिकाम्या हातानं तोही गेला नाही.

मला हा नियम पटतो. कमी वेळात तेवढेच गोल, म्हणजे गोल करायचं काम त्यानं जास्त चांगलं केलं. बूट त्याच कामाचा आहे. असिस्ट मोजायचे तर त्यासाठी वेगळं बक्षीस काढा. पण आमच्या खळ्यातला एक मोहन बागानवाला (हो, असतात, कलकत्त्याला नोकरी करून आलेले) आजही म्हणतो की पहिल्या मिनिटापासून नव्वदाव्यापर्यंत संघासाठी धावणाऱ्याला हा नियम शिक्षा करतो. त्याच्या बोलण्यातही तथ्य आहे. कोचनं सत्तराव्या मिनिटाला बाहेर काढलं नाही, हा काही खेळाडूचा गुन्हा नव्हे.

प्ले-ऑफमधले गोल धरतात का?

धरतात. २०१९-२० ची फायनल आठवा. मार्च २०२०, फातोर्डा, रिकामं स्टेडियम. चेन्नईयन कलकत्त्याच्या एटीकेकडून ३-१ हरली. चेन्नईयनचा तो एकमेव गोल नेरियस वाल्स्किसचा होता, आणि त्या गोलानं तो १५ वर पोचला. एटीकेचा कृष्णा १५, केरळ ब्लास्टर्सचा ओगबेचे १५ आणि वाल्स्किसही १५. बूट वाल्स्किसला गेला. फायनल हरलेल्या माणसानं त्याच सामन्यातल्या गोलावर बूट नेला.

त्याच वर्षी आपला कोरो, गोवाचा स्ट्रायकर, १४ वर थांबला होता. गोवा सेमीफायनलमध्ये चेन्नईयनकडूनच बाहेर पडली, म्हणजे कोरोला एक सामना कमी मिळाला. तो सामना मिळाला असता तर काय झालं असतं, यावर आमच्याकडे किती चहा संपला असेल याची गणती नाही. ज्याचा संघ पुढे जातो त्याला गोल करायला जास्त सामने मिळतात, ही या मोजणीतली उघड त्रुटी आहे. पण एखादा इतका पुढे असतो की त्रुटी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. २०२४-२५ ला नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजारेनं २३ गोल मारले. त्याआधीचा एका सीझनचा उच्चांक १८ होता, कोरोचा आणि ओगबेचेचा. त्या वर्षी बुटावरून कोणीच भांडलं नाही. जरा कंटाळवाणंच झालं.

गोल्डन बॉल नेहमी विजेत्या संघातल्या खेळाडूलाच देतात ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यावर सगळ्यात जास्त जण छातीठोकपणे चुकीचं बोलतात. म्हणून २०१९-२० पासूनची यादीच समोर ठेवू, कारण तेव्हापासून शील्ड आणि कप ही दोन वेगळी बक्षिसं झाली.

२०१९-२० ला ह्युगो बुमू, एफसी गोवा. ११ गोल, १० असिस्ट. गोवाकडे शील्ड, कप एटीकेकडे. २०२०-२१ ला रॉय कृष्णा. मुंबई सिटीनं शील्ड आणि कप दोन्ही नेले, कृष्णाच्या संघाला फायनलमध्ये हरवूनच. २०२१-२२ ला जमशेदपूरचा ग्रेग स्ट्युअर्ट. जमशेदपूरकडे शील्ड, कप हैदराबादकडे. २०२२-२३ ला मुंबई सिटीचा लालियानझुआला छांगते. मुंबईकडे शील्ड, कप एटीके मोहन बागानकडे. २०२३-२४ ला मोहन बागानचा दिमित्री पेत्रातोस. शील्ड मोहन बागानची, कप मात्र मुंबईनं कलकत्त्याच्या सॉल्ट लेकवर जाऊन त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ नं नेला. २०२४-२५ ला अजारे, ज्याच्या संघाकडे शील्डही नव्हती आणि कपही नव्हता.

आता मोजा. सहापैकी चार वेळा बॉल शील्डवाल्या संघात गेला. कपवाल्या संघात एकदाही गेला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही! फायनलमध्ये गोल मारला की गोल्डन बॉल पक्का, असं म्हणणाऱ्यापुढे ही यादी ठेवायची आणि चहाचा दुसरा घोट घ्यायचा.

माझ्या मते याचं कारण सरळ आहे. साखळी कित्येक महिने चालते. एखादा खेळाडू दर आठवड्याला डोळ्यांत भरत राहिला तर त्याचा संघही साहजिकच वर राहतो. कप दोन-तीन रात्रींत ठरतो, पेनल्टीवरही ठरतो. मुंबई सिटीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२२-२३ ला सगळ्या लीगला मागे टाकून ते सेमीफायनलमध्ये बंगळुरूकडून पेनल्टीवर हरले. छांगतेचा बॉल मात्र त्या एका रात्रीनं कोणी काढून घेतला नाही.

डिफेंडरला काहीच का मिळत नाही?

खरं दुखणं हे आहे.

युरोपातही हीच गत आहे. बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, १९५६ पासून देतात. इतक्या वर्षांत गोलकीपर एकच, लेव याशिन, १९६३ साली. बचावातले म्हणावे असे बेकेनबाउअर, सामर आणि २००६ चा कानावारो. बाकी सगळे पुढचे नाहीतर मधले. तेव्हा आपल्या लीगवर एकटीवर राग काढून उपयोग नाही.

राहुल भेकेचं घ्या. मुंबईचा मराठी मुलगा. २०१८-१९ च्या फायनलमध्ये बंगळुरूकडून अतिरिक्त वेळेत कॉर्नरवर हेडर मारून त्यानं आपल्या गोवाचा कप हिरावून घेतला. अंधेरीच्या मैदानावरची ती रात्र गोव्याच्या माणसाला आठवायला आवडत नाही. पुढे मुंबई सिटीत आला, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये २०२२ साली इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल मारला. भारतीय क्लबचा त्या स्पर्धेच्या गटफेरीतला तो पहिला विजय. २०२३-२४ चा कप त्यानं कर्णधार म्हणून उचलला. आणि लीगच्या त्या चार मोठ्या बक्षिसांच्या यादीत त्याचं नाव शोधा. सापडायचं नाही.

मंदार राव देसाईही तसाच. गोव्याचा, विंगर म्हणून आला आणि लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, झाला. आयएसएलमध्ये १०० सामने खेळणारा पहिला खेळाडू. लेफ्ट बॅकच्या १०० सामन्यांसाठी सोन्याचं काही घडवलेलं नसतं.

टीव्ही यात मोठा गुन्हेगार आहे, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो आणि डिफेंडरचं अर्धं काम चेंडू नसताना चालतं. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये बसून एकदा फक्त संदेश झिंगनकडे बघा, चेंडूकडे बघूच नका. गोवाचा हल्ला पलीकडच्या गोलपाशी चाललेला असतो आणि हा इथे मध्यरेषेजवळ उभा राहून हातानं फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) मागे ओढतोय, दोन पावलं, अजून एक. बोट दाखवून कोणाच्या तरी पाठीमागची मोकळी जागा दाखवतोय. चेंडू सुटतो, समोरचा स्ट्रायकर त्याच जागेकडे धावतो आणि तिथे आधीच फुलबॅक उभा. पास दिलाच जात नाही. आकडेवारीत याची नोंद शून्य: टॅकल नाही, इंटरसेप्शन नाही, क्लिअरन्स नाही. मोजायचं काय?

तरी दार अगदीच बंद नाही. झिंगनला २०१४ च्या पहिल्याच सीझनला उदयोन्मुख खेळाडूचं बक्षीस मिळालं होतं आणि २०२०-२१ ला फेडरेशननं त्याला वर्षाचा खेळाडू ठरवलं. म्हणजे डिफेंडरला मिळतं, पण माणसांनी ठरवलेल्या बक्षिसांत. गोल मोजून दिलेल्यात कधीच नाही.

गोल्डन ग्लोव्ह गोलकीपरचा की त्याच्या पुढच्या चौघांचा?

दोघांचा. गोल न खाल्लेले सामने मोजले की चांगल्या बचावामागे उभ्या असलेल्या कीपरला फायदा होतो, आणि तळाच्या संघातला कीपर सामन्यात आठ-आठ शॉट अडवूनही यादीत दिसत नाही. आमच्या खळ्यातला एक जण स्वतः कीपर होता. तो म्हणतो, ग्लोव्ह देताना कीपरनं किती अडवले ते बघा, किती खाल्ले ते नको. मला हे निम्मंच पटतं. शॉट होऊच न देणं, बॉक्समध्ये ओरडून माणसं लावणं, वेळेवर पुढे येऊन क्रॉस उचलणं हेही कीपरचंच काम.

कीपरचं नशीब कसं असतं बघा. २०२०-२१ ची सेमीफायनल, मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा. पहिला सामना २-२, दुसरा ०-०. पेनल्टीच्या तोंडावर मुंबईचा कोच सर्जिओ लोबेरानं अमरिंदर सिंगला बाहेर घेतलं. अमरिंदर म्हणजे २०१६ चा गोल्डन ग्लोव्हवाला, संघाचा कर्णधार. आत आला फुर्बा लाचेन्पा. मुंबई ६-५ नं जिंकली आणि शेवटची पेनल्टी मारली रोवलिन बोर्जेसनं, म्हणजे गोव्याच्याच पोरानं. (आमच्याकडे त्या रात्री कोणी जेवलं नाही.) तोच लाचेन्पा २०२३-२४ ला मुंबईचा पहिला कीपर होता आणि गोल्डन ग्लोव्ह त्याचा झाला.

पावसात जांभ्याच्या मैदानावर गोलमध्ये उभं राहिलेल्याला कीपरबद्दल वेगळीच माया असते. तांबडा चिखल, गोलसमोर डबकं, चेंडू टप्पा घेतो की तिथेच बसतो याचा भरवसा नाही. गावच्या स्पर्धांत 'उत्कृष्ट गोलरक्षक' हे बक्षीस कधी चुकत नाही, कोणाच्या तरी स्मरणार्थ चषक ठेवलेलाच असतो. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडचे म्हातारे कीपर आठवडाभर ताठ मानेनं फिरत होते.

फेडरेशनचा पुरस्कार आणि लीगचा पुरस्कार यांत फरक काय?

लीगचा गोल्डन बॉल परदेशी खेळाडूलाही मिळतो, आणि बहुतेक वेळा परदेशीच नेतो. फेडरेशनचा पुरस्कार भारतीयांचा. तो १९९२ पासून देतात, पहिला मान आय. एम. विजयनचा. सुनील छेत्रीला सात वेळा मिळाला. क्लबांच्या कोचची मतं घेऊनही तो ठरवला गेलेला आहे, आणि मला ही पद्धत आवडते, कारण कोच समोरच्या संघातल्या कोणाला घाबरून रात्रभर जागला हे त्यालाच माहीत असतं.

एकाच वर्षी दोन्ही मिळवणं दुर्मिळ. छांगतेनं २०२२-२३ ला ते केलं.

बॅलन डी'ओरला आपल्याकडून कोण मत देतं?

पुरुषांच्या बॅलन डी'ओरला फिफाच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांचे पत्रकार मत देतात, देशाला एक. फिफाचा 'द बेस्ट' पुरस्कार वेगळा: त्यात राष्ट्रीय संघांचे कर्णधार आणि कोच यांनाही मत असतं, म्हणून छेत्रीनं अनेक वर्षं मत दिलं आहे. २०१० ते २०१५ या काळात दोन्ही एकत्र होते, त्यामुळे गोंधळ होतो. आणखी एक, २०२२ पासून बॅलन डी'ओर वर्षाऐवजी सीझनवर देतात. जुन्या यादीशी नवी ताडून बघताना हे ध्यानात ठेवा.

अर्जुन आणि शिवछत्रपती पुरस्कार यातच येतात का?

नाही. ते सरकारी, आणि एका सीझनवर नसतात. छेत्रीला २०२१ साली खेलरत्न मिळालं, फुटबॉलपटूला ते पहिल्यांदाच. त्यावर वाद नको.

मुलींच्या लीगबद्दल तुम्ही कधी का बोलत नाही?

कारण खळ्यात ती लीग बघणारे कमी आहेत, आणि ही आमचीच कमतरता. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून चालते. मनीषा कल्याणला फेडरेशननं २०२२-२३ ची सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून ती युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथे खेळणारी पहिली भारतीय. आम्ही खळ्यात आमचं स्वतःचं मतदानही घेतो (पद्धत पुढे सांगतो), त्यात आता तिच्यासारख्यांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. गेल्या वेळी ती भरणाऱ्यांत शाळेतल्या मुली सर्वांत पुढे होत्या.

आपल्या भागातलं नाव या याद्यांत कधी दिसणार?

कोकणात पोरगं चांगलं धावतं असं दिसलं की त्याला कबड्डीत घालतात, हात चांगला असेल तर क्रिकेटमध्ये. फुटबॉल खेळतात ते पावसात, शेतं नांगरटीला येईपर्यंत आणि नंतर चिखल होईपर्यंत, नाहीतर ख्रिस्ती वाड्यांतल्या पोरांबरोबर. वेंगुर्ल्याच्या कॅम्प मैदानावर किंवा सावंतवाडीच्या जिमखान्यावर संध्याकाळी बघा, एका कोपऱ्यात फुटबॉल चाललेला असतो आणि बाकी सगळ्या मैदानावर टेनिस बॉल. वर्षभर चालणारी वयोगटाची लीग नसेल तर चौदाव्या वर्षी चमकलेला मुलगा सतराव्या वर्षी दिसत नाही. ज्याला पुढे जायचं तो पत्रादेवी ओलांडून गोव्यात जातो किंवा मुंबईची गाडी धरतो.

घाट चढून गेलात की चित्र वेगळं. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियम भरलेलं, आणि पाटाकडीलचा कोण, खंडोबाचा कोण हे शाळकरी पोरालाही पाठ. तिथूनच अनिकेत जाधव निघाला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. त्या वर्ल्ड कपचे सामने नवी मुंबईतही झाले आणि फातोर्ड्यातही, म्हणजे आमच्या दोन्ही बाजूंना. मध्ये आम्ही.

मॅच स्टेडियमवर बघितली नसेल तर मत द्यायचा हक्क आहे का?

आहे, वाद नको. सावंतवाडीहून फातोर्ड्याला जाणं म्हणजे दुपारी निघायचं. जाताना कोकण रेल्वेनं मडगाव गाठता येतं, स्टेशनपासून स्टेडियम जवळ. अडचण परतीची: संध्याकाळची मॅच संपून बाहेर येईपर्यंत सोयीची गाडी निघून गेलेली असते. त्यामुळे चार-पाच जण मिळून गाडी करतात, म्हापशाला कुठेतरी खातात आणि मध्यरात्रीनंतर बांद्याला पोचतात. दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसाला हे दर पंधरा दिवसांनी परवडत नाही. मालवणातून किंवा देवगडातून तर विसराच. रत्नागिरीवाल्यांना अंधेरीही लांब आणि मडगावही लांब.

फक्त एक मागणं: ज्यानं वर्षात एकही अख्खा सामना पाहिला नाही, नुसते मोबाईलवरचे गोल पाहिले, त्यानं डिफेंडर आणि कीपरची चिठ्ठी कोरी सोडावी. बाकीचं मत बिनधास्त द्या.

आम्हालाही गावात असं मतदान घ्यायचंय. कसं करावं?

आमची पद्धत सांगतो, तुमच्याकडे बसते का बघा.

प्रत्येकानं तीन नावं लिहायची: पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. एकच नाव लिहायला सांगितलं की सगळी मतं गोल मारणाऱ्यांत वाटली जातात. तीन नावं मागितली की दुसऱ्या-तिसऱ्या जागी लोक खरं लिहितात, तिथेच मधल्या फळीतले जाहौ, बोर्जेस आणि लेफ्ट बॅक मंदार अशी माणसं वर येतात.

पहिलं नाव आपल्या संघातलं नको. हा नियम आम्ही चाकरमान्यांमुळे आणला. एप्रिलपर्यंत खळ्यात गोव्याचं राज्य असतं, मे उजाडला की तुतारी आणि कोकणकन्या भरभरून मुंबई सिटीवाले उतरतात आणि मतांचं पारडं एका आठवड्यात फिरतं. नियम आला तेव्हा आरडाओरडा झाला. पण मग असं दिसलं की मुंबईवाल्यांच्या पहिल्या नावांत गोव्याचे खेळाडू आणि आमच्या पहिल्या नावांत मुंबईचे. समोरच्या संघातला कोण आपल्याला छळतो हे प्रत्येकाला नीट ठाऊक असतं. त्या वर्षीच्या चिठ्ठ्या वाचायला जेवढी मजा आली तेवढी आधी कधी आली नव्हती.

चिठ्ठी कागदाचीच, व्हॉट्सअॅपवर नको. तिथे पहिलं नाव पडलं की पुढचे दहा जण तेच लिहितात. फायनलच्या आधी चिठ्ठ्या गोळा करा, नाहीतर शेवटचा गोल मारणारा सगळी मतं घेऊन जातो.

आणि एक रकाना मोकळा ठेवा, ज्यात नाव आणि सोबत एक प्रसंग लिहायचा: गोल नाही, असिस्ट नाही, तरी लक्षात राहिलेली गोष्ट. कोणाच्या तरी तोंडावरचा ब्लॉक, कोणीतरी पडलेल्या पोराला उठवताना घालवलेला तो मिनिट, ऐंशीव्या मिनिटाला केलेली परतीची धाव. नुसतं नाव लिहिलं तर ती चिठ्ठी बाद. या रकान्यातून निवडलेल्याला आम्ही वेगळं बक्षीस ठरवतो, आणि गोल्डन बॉलपेक्षा जास्त चर्चा याचीच होते.

बक्षीस म्हणून काय द्यायचं? खेळाडू थोडाच येणार आहे!

तो येत नाही, खरं आहे. ज्या मत देणाऱ्याची तिन्ही नावं निकालाशी जुळली त्याला देतो: हापूसची एक पेटी. पैसे वर्गणीतून.

खेळाडू पुढच्या सीझनला दुसऱ्या क्लबात गेला तर आमच्या यादीतून त्याचं नाव काढायचं का?

बिलकुल नाही. असं केलं तर यादीत कोणी उरणारच नाही. बुमू गोव्यात गोल्डन बॉल मिळवून लगेच मुंबई सिटीत गेला, लोबेरा गेला, जाहौ गेला, मंदारही गेला. अंगुलोनं गोव्यासाठी बूट जिंकला आणि पुढच्या सीझनला तो मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसला. शिव्या द्यायच्या त्या द्या, त्याला कोणी अडवलेलं नाही. पण २०१९-२० च्या ओळीत बुमूच्या पुढे 'एफसी गोवा' असंच राहील, आणि कोणी ते खोडलं तर यादीची वही त्याच्याकडून काढून घेतली जाईल.